शेवटच्या भागातली आई

मेडेयिन शहराच्या डोंगरउतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या वस्तीत त्या सकाळी लुस दारीच्या पार्लरमध्ये कालच्या मालिकेचा कीस पडत होता. ‘उतारावरचे राजे’ एकदाची संपली होती. चौदा खून करणारा नायक पांढऱ्या शर्टात ऐटीत मेला. त्याचा अभिनय म्हणजे नुसतं दाढी कुरवाळणं, असं लुस दारीचं मत. डोक्याला रंग थापून बसलेल्या दोघी म्हणत होत्या, तसली दाढी असल्यावर अभिनय हवाय कशाला. राजधानीतल्या लेखकांना आपल्या पायऱ्यांवर बंदुका तेवढ्या दिसतात, पण त्याच पायऱ्या कोण धुतं ते दिसत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

दाराशी शेगडीवर आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजता भाजता डोरेली ऐकत होती. नायकाच्या आईचं काम करायला वस्तीतून तिलाच उचललं होतं, एका प्रसंगापुरतं. दिग्दर्शक म्हणाला होता, ऊर बडव, किंचाळ. तिने खिशातून कंगवा काढला आणि पायरीवर पडलेल्या मुलाचे केस विंचरले. डोळ्यांत टिपूस नाही. दिग्दर्शक आधी भडकला, मग त्याने तेच ठेवलं.

पार्लरातल्या बायका त्याच कंगव्याचं कौतुक करत होत्या आणि डोरेलीच्या शेगडीवर आरेपा करपत होता. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या नोएल्बाचा मुलगा एदिल्सन असाच पायऱ्यांवर मरून पडला होता. सरकारी माणसं येईपर्यंत प्रेत हलवायचं नसतं. त्यांना यायला चार तास लागले. चार तास नोएल्बा त्याचे केस विंचरत बसली, कारण फोटोवाले त्यांच्याआधी येतात हे वस्तीतल्या प्रत्येक आईला ठाऊक असतं. निदान पेपरात तरी तो नीटनेटका दिसावा. पेपरने काय छापलं? दगडाच्या काळजाची आई, रडलीसुद्धा नाही. वस्तीनेही तेच उचललं. त्यानंतर नोएल्बाने मुलाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

आणि डोरेलीने तिला न विचारताच तिचं ते दुःख कॅमेऱ्यासमोर मांडलं होतं. चोरीच ती. आता नोएल्बा आपल्याशीही बोलणं टाकणार, या धास्तीने तिला पहाटेपासून काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात नोएल्बा पायऱ्या उतरून आली. ती शेगडीपाशी थांबली.

“भांग उजवीकडे पाडलास,” ती म्हणाली. “माझ्या पोराचा डावीकडे होता.”

“मुद्दामच पाडला गं. तुझं सगळंच कसं घेणार होते मी?” डोरेलीने मान खाली घातली. “विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.”

“विचारलं असतंस तर नाहीच म्हटलं असतं मी.” नोएल्बाने निखाऱ्यांवर हात शेकले. “कालचा भाग बघून आज सकाळी ती समोरच्या घरातली आली होती. अकरा वर्षं मला दगड म्हणायची. म्हणाली, मला कळलंच नव्हतं, बाई.”

डोरेलीने गरम आरेपा तिच्या हातात ठेवला. लुस दारीने खुर्ची पुढे सरकवली. नोएल्बा बसली, आरेपा तसाच हातात धरून.

“एदिल्सन लहानपणी विंचरू द्यायचाच नाही,” ती सांगू लागली. “खाटेखाली शिरायचा मेला, आणि मी झाडू घेऊन मागे.”

रंग वाळून डोकी खाजायला लागली, तरी त्या दोघींपैकी एकही केस धुवायला उठली नाही.