जमा न झालेली दोन मॅगझिनं

जुनी मॅगझिनं जमा करायची मुदत सकाळीच संपली होती. दुपार झाली तरी दोन कमी होती.

शस्त्रागाराच्या मिस्त्रीने ढीग पुन्हा मोजला. काळ्या प्लास्टिकच्या, किंचित बाक असलेल्या या पेट्या काडतुसं भरून रायफलीला खालून लावतात. लोखंडी मॅगझिनं जाऊन ही आली तेव्हा सगळ्या तुकडीने नाकं मुरडली होती. खेळण्यातली वाटतात, एकजण म्हणाला होता. आता त्यांच्या जागी त्याच जातीची, पण नव्या घडणीची मॅगझिनं आली होती आणि तीच माणसं जुनी सोडायला कां-कूं करत होती.

कमी असलेली दोन कोणाची हे मिस्त्रीला मोजण्याआधीच माहीत होतं. वाटलेल्या प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला पांढऱ्या रंगात ज्याचा त्याचा क्रमांक होता. ढिगात त्याच्या सुनेचा क्रमांक नव्हता.

सून कैदी ने-आण करणाऱ्या सशस्त्र तुकडीत होती. आज तिची गाडी डोंगरापलीकडच्या न्यायालयात एका कैद्याला घेऊन जाणार होती. हा तोच कैदी, ज्याला सोडवायला गेल्या वर्षी त्याच्या माणसांनी घाटाच्या वळणावर गाडी अडवली होती. त्या वेळीही सून गाडीत होती.

मिस्त्रीला एका जागी बसवेना. सकाळी मागच्या रॅकमधून काढलेलं एक भरलेलं मॅगझिन त्याने टेबलावर ठेवलं होतं, आपटलं नव्हतं, नुसतं ठेवलं होतं, आणि वरची काडतुसं फुटाण्यासारखी उडून बाहेर आली होती. भिंगाखाली धरल्यावर कारण दिसलं. मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसाला धरून ठेवणाऱ्या दोन कडा असतात, त्यांना सगळे ओठ म्हणतात. एका ओठाच्या मुळाशी केसासारखा पांढरा तडा होता. मग दुसऱ्या एकात सापडला. मग आणखी एकात. वर्षानुवर्षं भरून ठेवल्यामुळे आतली स्प्रिंग खालून रात्रंदिवस रेटत राहिली होती. सगळी तडकली नव्हती. बरीचशी ठणठणीत होती. कुठलं कधी दगा देईल हे वरून कळत नव्हतं, आणि त्याच गोष्टीने त्याचं डोकं पोखरलं होतं.

त्याने कुलूप लावलं, चार पावलं गेला, परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. कॅन्टीनमध्ये सून नव्हती. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"ती डबा विसरलीय. सांगा तिला."

"सांगतो."

"आणि तुम्ही असे धापा का टाकताय?"

"जिना चढतोय," तो सपाट मैदानातून चालता चालता म्हणाला.

गाड्यांच्या आवारात ड्रायव्हर समोरची काच पुसत होता.

"सून कुठाय माझी?"

"मिस्त्री, तुमच्या सुनेचा पत्ता मला विचारताय? काकूंना कळलं तर?"

"कळू दे. कुठाय?"

ड्रायव्हरने हनुवटीने मागचा दरवाजा दाखवला. सून आत बसून कमरेच्या पट्ट्यावरचे कप्पे घट्ट करत होती. सासऱ्याला पाहून तिने हात थांबवले नाहीत.

"डबा विसरलीस," तो म्हणाला.

"आईंचा फोन मलाही आला. कॅन्टीनमध्ये खाईन काहीतरी."

"आणखीही काहीतरी विसरलीस."

"सकाळी आले होते मी, बाबा. रांग होती."

"रांगेत तुझ्यापुढे एकच माणूस होता. खिडकीत मीच बसलो होतो ना?"

काचेवरच्या फडक्याचा आवाज बंद झाला होता.

"काच पूस," सून ड्रायव्हरला म्हणाली.

"पुसतोय की, वहिनी."

"कान पुसतोयस."

ती उतरली आणि सासऱ्याच्या पुढे चालू लागली. शस्त्रागारात आल्यावर तिने कप्प्यातून दोन मॅगझिनं काढून टेबलावर ठेवली, पण हात त्यांच्यावरच ठेवला.

"जमा करायला नाही आणली. दाखवायला आणलीत. बघा काय बघायचं ते."

मिस्त्रीने तडकलेलं मॅगझिन भिंगाखाली धरून तिच्याकडे सरकवलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"हे कोणाचं?"

"कोणाचं का असेना."

"नाही, कोणाचं?"

"कोणाच्या नावावरचं नाही. मागच्या रॅकमधलं."

"म्हणजे हे भरून तसंच पडून होतं. माझी मी दर आठवड्याला रिकामी करते. तुम्हीच शिकवलंत."

हे खरं होतं. मिस्त्रीने तिची दोन्ही भिंगाखाली घेतली. तडा नव्हता. त्याने खिडकीशी नेऊन उजेडात पुन्हा पाहिली. नव्हताच.

"आणि नव्यांचं बोलायचं तर रेंजवर मी होते, तुम्ही नव्हतात," ती म्हणाली. "पहिली गोळी गेली. दुसऱ्या वेळी नुसतं खट् झालं आणि मॅगझिन माझ्या बुटावर. माझ्या शेजारच्याचंही तेच. त्याच्या पलीकडच्याचंही."

"बसलं नव्हतं ते."

"बसवलं होतं मी."

"बसल्यासारखं वाटलं होतं तुला. नव्यांची स्प्रिंग ताठ आहे. काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट बंद असताना काठोकाठ भरलेलं लावलं की वरचं काडतूस बोल्टला खालून अडतं. खालून फटका मारावा लागतो. जुन्यांच्या स्प्रिंगा मऊ झाल्यात, दोन बोटांनी सरकवलं की आत. त्यांनी तुमच्या हातांना लाडावून ठेवलंय."

"लाडावलेले का असेनात, हे हात घेऊन मला आज जायचंय. नव्यांचा सराव साहेबांनी पुढच्या आठवड्यात ठेवलाय."

तुकडीप्रमुखाला मिस्त्रीने हेच सकाळी सांगून पाहिलं होतं आणि 'बघू' एवढं ऐकून परत आला होता.

सुनेने एका मॅगझिनवर बोट टेकवलं. "त्या वळणावर हे होतं माझ्याकडे. एकदासुद्धा अडकलं नाही. ह्याने मला घरी आणलं, बाबा."

"तुला तू घरी आणलंस."

"असलं काही बोलू नका. मग मला रडू येतं, आणि तो तिकडे कान पुसत बसलाय."

मिस्त्री टेबलावरची काडतुसं एका रेषेत लावत राहिला. मग तीच म्हणाली, "एवढी खात्री आहे ना तुमची? टाका. भरून, उलटं, ओठांवर. फुटलं तर मी मुकाट्याने नवी घेऊन जाते."

त्याने ते वळणावरचं मॅगझिन रिकामं करून त्यात दारू नसलेली सरावाची काडतुसं भरली. छातीच्या उंचीवरून, तोंड खाली करून, सिमेंटच्या जमिनीवर सोडलं. ते आदळून उडालं आणि टेबलाखाली गेलं. त्याने वाकून काढलं. काडतुसं जागच्या जागी होती. भिंगाखाली ओठ जसेच्या तसे होते.

त्याने पुन्हा सोडलं. या वेळी वरचं एक काडतूस निसटलं. तेवढं कुठल्याही मॅगझिनचं निसटतं, नव्याचंही. तडा नव्हता.

"अजून?" सुनेने विचारलं.

"नको."

ती हसली नाही, जिंकल्यासारखं काही केलं नाही. त्याला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. तिने हात पुढे केला. "द्या."

मिस्त्रीने मॅगझिन सोडलं नाही. "हे आता जात नाही."

"म्हणजे?"

"पडलेलं मॅगझिन ड्युटीवर जात नाही. तपासणीला जातं. गेल्या महिन्यात त्या नव्या शिपायाला दंडाला धरून तूच आणलं होतंस माझ्यापुढे, याच नियमाखाली."

"अहो, पण तुम्ही पाडलंत ते."

"कोणी पाडलं, हे नियमात विचारत नाहीत."

"फसवलंत."

"पहिल्यांदा टाकलं तेव्हा नाही. तेव्हा मला खरंच वाटलं होतं फुटेल."

तिला हसू आलं. ते तिने तिथल्या तिथे गिळलं आणि दुसरं मॅगझिन ओढून छातीशी धरलं. "ह्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत." त्याने रॅकमधून तिची रायफल काढली, ती रिकामी आहे हे स्वतः पाहिलं, तिला दाखवलं आणि बोल्ट बंद केला. मग एक नवं मॅगझिन सरावाच्या काडतुसांनी काठोकाठ भरून तिच्यापुढे धरलं. "बसव. नेहमीसारखं."

तिने एका हाताने मॅगझिन सरकवलं आणि तळव्याने दाबलं. ते आत गेल्यासारखं दिसत होतं. मिस्त्रीने एका बोटाने स्पर्श केला आणि ते त्याच्या हातात पडलं.

सून त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. "रेंजवर हेच झालं."

"आता खालून फटका मार. माझा राग आलाय ना? तेवढा."

तिने मारला. आवाज वेगळा आला, ठोस.

"आता खाली ओढ. हं. आलं का?"

"नाही."

"मग बसलं. काढ. पुन्हा."

मार, ओढ, काढ. मार, ओढ, काढ. मध्ये एकदा फटका हलका पडला आणि मॅगझिन जमिनीवर गेलं. ती तोंडातल्या तोंडात जे म्हणाली ते सासऱ्याने ऐकलं नाही असं ठरवलं. पडलेलं बाजूला ठेवून त्याने दुसरं भरून दिलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती थांबली नाही. तळवा लाल झाला होता.

"भरलेलंच जड जातंय," ती दम घेत म्हणाली. "दोन काडतुसं कमी भरली तर?"

"तर सहज बसतं. दोन कमीच भर."

"आदेश पूर्ण भरायचा आहे."

"आदेश देणाऱ्यांना मी उद्या इथे बोलावतो आणि एक बसवून दाखवा म्हणतो. तू दोन कमी भर."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. मिस्त्रीने सरावाची काडतुसं बाजूला केली आणि खरी काढून दिली. तिने नवी मॅगझिनं स्वतः भरली, स्वतः मोजली, कप्प्यांत घातली. जुनं उरलेलं एक हातात होतं. ते तिने मागच्या कप्प्यात सरकवलं, बाहेर काढलं, पुन्हा सरकवलं. शेवटी टेबलावर ठेवलं.

"हे जमा नाही. परत आले की घेईन. तोवर तुमच्या खणात ठेवा."

"बरं," मिस्त्री म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. पण ती घाईत होती.

गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग आत येऊन करवत यंत्राला जोडली. जमा झालेला माल त्याच दिवशी कापून टाकायचा, असा हुकूम होता. नाहीतर जुनी मॅगझिनं पुन्हा कोणाच्या ना कोणाच्या कप्प्यात जातात. तडकलेली, न तडकलेली, सगळी एकेक करून मधोमध कापली. वळणावरचं मॅगझिनही कापलं. काळा भुसा टेबलावर, बाहीवर, भुवयांवर बसला.

शेवटी खणातलं उरलं. त्याने ते रिकामं करून भिंगाखाली धरलं. ओठांमधलं अंतर मापाला लावून पाहिलं. बरोबर होतं. स्प्रिंग दाबून पाहिली. मऊ होती, पण मेली नव्हती. नाकारण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. त्याने ते करवतीच्या पकडीत आवळलं आणि चहा प्यायला गेला. अर्धा चहा टाकून परत आला. पकड सैल केली, मॅगझिन काढलं, खणात ठेवलं, खण बंद केला.

आज ते चांगलं होतं. पुढच्या खेपेलाही असेल कदाचित. ती परत येईल, खण उघडेल, कप्प्यात घालेल, आणि प्रत्येक खेपेला तेच घेऊन जाईल, कारण ते कधी अडकलं नव्हतं. कोणत्या खेपेला ते चांगलं राहणार नाही, हे भिंग सांगणार नव्हतं. त्याने खण उघडला. या वेळी पकडीत आवळल्यावर हात थांबवला नाही.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो टेबल पुसत होता.

"पोहोचलो," सून म्हणाली. "गाडी दोनदा थांबली. एकदा दरड होती म्हणून, एकदा ड्रायव्हरला भूक लागली म्हणून."

"वळणावर?"

"काही नाही. माकडं होती."

"मॅगझिन?"

"बसलेलं आहे. प्रत्येक थांब्याला ओढून बघते. सगळे हसतायत मला."

"हसू देत."

"माझं ठेवलंय ना खणात?"

मिस्त्रीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "नाही. कापलं."

पलीकडे गाडीचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज आला. कोणीतरी तिला हाक मारली.

"तडा निघाला?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"नाही."

"नव्हता, आणि कापलंत."

"हो."

"बरं म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो."

"उद्या घरी आल्यावर बोलते तुमच्याशी."

"बोल. काय बोलायचं ते बोल. आधी ये."

"येते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

उद्या सुनावणी आटोपून कैद्याला घेऊन गाडी त्याच रस्त्याने परत येणार होती. मिस्त्रीने दिवा मालवला, दारापर्यंत गेला आणि पुन्हा लावला. खोक्यातून एक नवं मॅगझिन काढलं, सरावाची काडतुसं दोन कमी भरली, रॅकमधली एक रिकामी रायफल तपासून टेबलावर घेतली. खालून फटका मारला. ओढून पाहिलं. बसलं होतं. त्याने पुन्हा ओढून पाहिलं.