वैजंताचा डावा पाय

ज्या साली थोरल्या बहिणीला, रुक्मीला, जुळ्या मुली झाल्या, त्या साली शाळेनं वैजंताचा डावा पाय कायम केला.

वरून कायम जागांची मंजुरी तेवढीच आली होती. मुख्याध्यापक इंगवले सरांनी वैजंताला ऑफिसात बोलावलं आणि बसा म्हणाले. त्या ऑफिसात तिला कुणी बसा म्हणायची ही पहिलीच वेळ.

"अभिनंदन बाई. यंदाच्या संचमान्यतेत तुमचा पाय बसला."

"पाय?"

"डावा. घोट्यापासून खाली."

"आणि बाकीची मी?"

"बाकीच्या तुम्ही आहात तशाच, बदलीवर. वरून जसजशी मंजुरी येईल तसतसं बघू. तोंड असं करू नका बाई. काही जणांचं नखसुद्धा बसत नाही."

संध्याकाळी शाळा सुटली. वैजंता फाटकातून बाहेर पडली आणि पाय आतच राहिला. रक्त आलं नाही, कळ आली नाही. दारात चप्पल राहावी तसा तो राहिला. शिपाई तातोबानं तो अदबीनं उचलला, वरची धूळ फुंकली आणि स्टाफरूमकडे निघाला. जाता जाता त्यानं नकाशावर गावं दाखवायची काठी तिच्या हातात दिली.

"हिच्यावर जावा घरी. पण उद्या परत आणा बाई, डेडस्टॉकच्या वहीत लागलीया."

टेकडी उतरायला तिला दिवेलागण झाली.

बी.एड. झाल्यापासून वैजंता दुसऱ्यांच्याच जागेवर शिकवत आली होती. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणी जनगणनेला गेलेलं. बाळंतीण उठली, डोळ्याची पट्टी सुटली की वैजंता बाहेर. मग नवी शाळा, नवी मुलाखत, आणि तोच प्रश्न, अनुभव किती? अनुभव होता, पण तो सगळा दुसऱ्यांच्या नावावर जमा झालेला. या टेकडीवरच्या शाळेत ती टिकली, कारण इथं कुणी ना कुणी कायम रजेवर असायचंच.

घरी अण्णा अंथरुणावर बसून वाट बघत होते. अण्णा, म्हणजे तिचे वडील, गुळव्या. उभा जन्म गुऱ्हाळावर काहिलीसमोर गेला आणि म्हातारपणी छातीत तो सगळा धूर तेवढा उरला. अक्षरं त्यांना माहीत नव्हती. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा वैजंतानं त्यांच्यापुढं पाटी ठेवली. म्हातारा रडतकुढत शिकला. आता दुकानांच्या पाट्या, एस.टी.च्या पाट्या, साबणाची वेष्टनं, दिसेल ते मोठ्यानं वाचायचा. त्याची एकच इच्छा उरली होती. शाळेच्या व्हरांड्यात शिक्षकांच्या नावांची लांब काळी पाटी होती. तिच्यावर पोरीचं नाव पांढऱ्या रंगात लागलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं आणि मग डोळे मिटायचे.

"काठी कशाला?" अण्णांनी विचारलं.

"पाय कायम झाला अण्णा. शाळेत ठेवून घेतला."

अण्णांनी तिच्या घोट्याकडे बघितलं.

"बरं. सुरुवात तर झाली. पेढं आन."

रुक्मी जुळ्या पोरींना घेऊन बाळंतपणाला माहेरीच होती. ती आतून ओरडली, "पेढे कशाला? बत्तासे आणा. पायाला बत्तासे पुरतात." मग बाहेर येऊन पदर तोंडाला लावून रडली. रुक्मीचं सगळं असंच.

दुसऱ्या दिवसापासून पायाचा थाट सुरू झाला. त्याला स्टाफरूममध्ये स्टूल मिळालं, स्टुलावर गादी मिळाली. देसाई बाईंनी लोकरीचा मोजा विणला. मधल्या सुट्टीत कायम माणसं पायाभोवती बसून चहा प्यायची, त्याला महागाई भत्त्याची बातमी सांगायची, तो अंगठा हलवायचा. पतपेढीच्या निवडणुकीत त्याला मताचा हक्क मिळाला. वैजंताला चहा बाहेरच्या बाकावर मिळायचा, तातोबाला आठवण झाली तर.

"आत येऊ का?" एकदा तिनं दारातून विचारलं.

"तुमच्यातलं कुणीतरी आत आहेच की बाई," देसाई बाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मोजासुद्धा हलला.

बाकीची वैजंता मात्र राबत होती. सकाळी फाटकाशी इंगवले सर उभे. आज भूगोल. आज हिंदी. आज कवायत. तिनं एका पायावर कवायत घेतली. सावधान म्हणताना टाचेला टाच लावायला दुसरी टाच नव्हती. पोरं हसतील असं तिला वाटलं. सहावी ब ची पोरं हसली नाहीत. त्यांनी आपापला डावा पाय वर उचलून धरला आणि अख्खा वर्ग बगळ्यांसारखा उन्हात उभा राहिला.

हा एक वर्ग तिचा होता. कुणाच्याही जागेवर पाठवा, सहावी ब ला ती तिचीच वाटायची. अपूर्णांक शिकवायला ती घरून भाकरी आणायची. पाव, अर्धी, पाऊण असे तुकडे करायची आणि तास संपताना पोरं अपूर्णांक खाऊन टाकायची. शिक्षक दिनाला मुलांना रांगेनं स्टाफरूममध्ये नेऊन स्टुलावरच्या पायाला नमस्कार करायला लावलं, तेव्हा जयश्री मगदूम नावाची एक काटकुळी पोरगी रांगेतून बाहेर आली आणि बाकावर बसलेल्या वैजंताच्या उजव्या पायावर डोकं ठेवून गेली. तिला नंतर छड्या मिळाल्या. वैजंतानं त्या मोजल्या नाहीत. आत काहीतरी काहिलीसारखं उकळत होतं, ते सांडू नये म्हणून ती भिंतीला धरून उभी राहिली.

एप्रिल संपताना खंड आला.

बदलीवरच्या माणसाची नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून सत्र संपताना एक दिवस मोडून काढायचा, ही रीत सगळीकडे आहे. या शाळेत ती जरा कसोशीनं पाळत. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी वैजंता नसायची. घरी नाही, शाळेत नाही, वाटेवर नाही. एक मे उजाडला की झेंडावंदनाच्या आधी ती पुन्हा व्हायची, फाटकाबाहेर, अंगावर कालच्या आदल्या दिवशीचं लुगडं. पाय तेवढा खंडातही स्टुलावर असायचा, कारण तो कायम होता.

"काल कुठं हुतीस?" पहिल्या खंडानंतर अण्णांनी विचारलं.

"नव्हते."

"न्हवतीस म्हंजी कुठं?"

"कुठंच नव्हते अण्णा."

"मी चहा ठेवला हुता तुझ्यासाठनं," ते म्हणाले. कपात साय धरलेला चहा तसाच होता.

जुळ्या पोरी चालायला लागल्या, बोलायला लागल्या, बालवाडीत गेल्या. मंजुरी आली नाही. एका साली करंगळीचं बोलणं चाललंय असं ऐकू आलं, पण ती करंगळी संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे दादासाहेबांच्या, भाच्याची निघाली. भाचा सगळाच्या सगळा एका दिवसात कायम झाला, केसांसकट.

त्या साली अण्णा टेकडी चढून आले. छाती भात्यासारखी वाजत होती. दर दहा पावलांवर बसत, खोकत, पाट्या वाचत ते व्हरांड्यात पोचले. रंगारी नुकताच पाटी रंगवून गेला होता. अण्णांनी बोट लावून खालून वर वाचायला सुरुवात केली. भाचा. देसाई बाई. मग एका ओळीवर बोट थांबलं.

"डा... वा. डावा. पा... य." त्यांनी पुन्हा वाचलं. "डावा पाय. सहायक शिक्षक." ते वळले. "पोरी, तुझं नाव कुठं हाय?"

"तेच आहे अण्णा."

"हे तुझं नाव न्हवं."

इंगवले सर बाहेर आले. "आजोबा, इथं थुंकायचं नाही."

"थुकत न्हाई, खोकतुया. साहेब, माझी लेक यात कुठं हाय?"

"जागा आहे तेवढं नाव लागलंय. पुष्कळांचं तेवढंही नाही."

"पाटी एवढी लांब हाय. जागा कुणी खाल्ली?"

सरांनी तातोबाला खूण केली आणि तातोबानं अण्णांना दंडाला धरून फाटकापर्यंत पोचवलं. अण्णा जाताना पाटी मोठ्यानं वाचत गेले, एकेक नाव, शिव्या दिल्यासारखं. वैजंताला सरांनी तेवढ्यात सातवीच्या वर्गावर पिटाळलं होतं. तिनं खिडकीतून आवाज ऐकला आणि तिच्या हातातला खडू पीठ होऊन बोटांतून गळाला.

त्यानंतर अण्णा अंथरुणाला लागले ते लागलेच. एप्रिल सरत आला तसं पाणीही चमच्यानं जाईना. वैजंता इंगवले सरांकडे गेली. बसा कुणी म्हटलं नाही.

"सर, यंदा खंड देऊ नका. अण्णांचा काही भरवसा नाही. मी नसताना..."

"खंड कुणी देत नाही बाई, तो असतो."

"मग माझा पाय तरी त्या दिवशी घरी सोडा. माझ्यातलं काहीतरी तिथं असू दे."

"पायाची रजा पायानं मागायला हवी. तो कायम आहे, त्याला हक्क आहे. तुम्ही त्याच्या वतीनं मागणार कोण?"

ती स्टाफरूममध्ये गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. दुपारची वेळ, सगळे वर्गांवर होते. पाय गादीवर पसरला होता. तो सुजल्यासारखा गुबगुबीत झाला होता, टाचेच्या भेगा बुजल्या होत्या, नखं कापलेली होती. वैजंता त्याच्यासमोर खाली बसली.

"अण्णा चाललेत," ती म्हणाली. "उद्या मी नसेन. तू जा."

पाय हलला नाही.

"तुला आठवत नसेल. गुऱ्हाळावर निखारा लागला होता तुला, तेव्हा अण्णांनी तुला मांडीवर घेऊन लोणी लावलं होतं. तुझ्यासाठी चप्पल आणायला ते अनवाणी बाजाराला गेले होते. नुसता रजेचा अर्ज टाक. तुझं ऐकतात सगळे."

पायानं मोज्यातल्या मोज्यात कूस बदलली आणि अंगठा खिडकीकडे केला.

वैजंतानं टेबलावरचा डस्टर उचलला आणि लाकडाची बाजू खाली करून अंगठ्यावर हाणला. एकदा, दोनदा, मोज्यातून रक्त येईपर्यंत. कळ तिच्या डोक्यात गेली. पाय आपला गप्प होता.

"फुकट्या," ती म्हणाली. "आयतोबा. माझ्या जिवावर बसलायस." आणि दातओठ खात, नकाशाची काठी टेकत ती टेकडी उतरली.

अण्णा जागे होते. तिनं त्यांचे पाय चेपले.

"अण्णा, उद्या मी नसणार."

"ठावं हाय."

"परवा सकाळी येते. तोवर थांबा."

"ते काय माझ्या हातात हाय व्हय?" ते हसले, हसताना खोकले. "थांबतो. थांबायची सवय हाय आपल्या घराला."

पुढच्या दिवसाचं वैजंताला काही माहीत नाही, कारण त्या दिवशी ती नव्हती. हे अण्णांच्या आजारपणाला माहेरी आलेल्या रुक्मीनं सांगितलं.

ऊन डोक्यावर आलं असताना जुळ्यांपैकी एक पोरगी अंगणातून ओरडत आली, मावशीचा पाय आला, मावशीचा पाय आला. रुक्मी बाहेर गेली. दारातल्या चपलांच्या रांगेत पाय उभा होता. मोजा फाटलेला, अंगठा काळानिळा, टेकडीची तांबडी माती घोट्यापर्यंत. रुक्मी म्हणाली, आत ये. तो आत आला नाही. तिनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तरी तो तिथंच उभा. आतून अण्णांनी विचारलं, कोन आलंय? रुक्मीनं सांगितलं, वैजंता आलीय. "पुरी?" अण्णांनी विचारलं. रुक्मीला खोटं बोलवेना. ती म्हणाली, "पाय आलाय अण्णा." अण्णांनी मान भिंतीकडे वळवली.

तिरडी उचलली तेव्हा पाय मागून निघाला. आमच्यात बायका नदीवर जात नाहीत, पण पायाला कोण अडवणार? धुळीत एका ओळीनं एकाच पायाचे ठसे उमटत गेले, नदीपर्यंत. परत येणारे ठसे कुणी पाहिले नाहीत.

एक मेला वैजंता फाटकाबाहेर झाली. झेंड्याला दोरी लावून झाली होती, पोरं रांगेत उभी होती, निकालाचे गठ्ठे टेबलावर होते. इंगवले सर तिच्याकडे धावतच आले. त्यांना घाम फुटला होता.

"बाई, तुमचा पाय कालपासून विनापरवाना गैरहजर आहे. आज झेंडावंदन, आणि कायम माणूस जागेवर नाही! दादासाहेब यायचेत. तुम्हाला त्याच्या जागी नेमलंय. तो हजर होईपर्यंत. चला, बसा लवकर."

"सर, घरी अण्णा..."

"ते नंतर सांगा."

तातोबानं तिला काखेत धरून स्टाफरूममध्ये नेलं आणि स्टुलावर बसवलं. गादीवर पायाचा खोलगट ठसा होता. त्यात ती मावत नव्हती. तिनं गुडघे पोटाशी घेतले, मान खाली घातली, दोन्ही हातांनी स्वतःला आवळलं, तेव्हा कशीबशी बसली. देसाई बाईंनी तिच्यावर नवा मोजा ओढायला घेतला. खिडकीतून खाली नदी दिसत होती. काठावर राखेचा ढीग होता, त्याच्या शेजारी काहीतरी लहानसं, ताठ उभं होतं, आणि बाहेर सहावी ब राष्ट्रगीताला एका पायावर उभी राहिली होती.

अण्णा, म्हणजे ज्ञानू तुका पाडळकर, गुळव्या, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, खंड चालू असताना वारले.