गुडघ्याची पूड

सिद्धाप्पाअण्णा माझा थोरला भाऊ. त्याची नात तेजश्री बसवकल्याणला दिली त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, त्याला मटण बाधायला लागलं. खाल्ल्यावर लगेच काही नाही. चार-पाच तासांनी अंगभर गांध्या उठत, ओठ सुजत. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, गोचीड चावल्यानं असं होतं. कोंबडी चालेल, शेळी, मेंढी, म्हैस बंद. ताकदीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, कारण कॅप्सूलचं कवच जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात.

"जन्मभर मेंढरांच्या गोचिडी काढल्या, आता त्या माझं ताट काढायल्यात," अण्णा म्हणाला.

तेव्हापासून सून मनीषा दुकानात उभी राहून डबीवरचं बारीक इंग्रजी वाचायची. कळलं नाही तर कंपनीला फोन करायची. तीन वर्षं निभावलं. मग अण्णाचे गुडघे धरले आणि एका पाहुण्यानं सोलापूरहून गुडघ्याच्या कॅप्सुली आणून दिल्या.

"मामा, ह्यात एक नाव हाय, ते मला कळंना. कंपनी आजच्यापुरती बंद झालीय. उद्या इचारते, तवर थांबा."

"उद्या मेंढरं कातरायची हायती. खाली बसता येईना, कसं करू?"

"बंडेप्पाकाका कातरतील की."

"ह्यो?" अण्णानं माझ्याकडं बघितलं. "ह्यो लोकरीसंगं कान बी कातरतंय."

पहिली कातर घरातल्या थोरल्यानं लावायची, अशी आमची रीत. ती सोडायला अण्णा तयार नव्हता.

सकाळी मनीषा ओरडली म्हणून मी आत गेलो. चुलीपुढं चार रिकामी कवचं पडली होती. अण्णा गुळाचं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवत होता.

"कामून वरडायलीस? डॉक्टर कवचाचं बोलला. मेंढरू सोलावं तसं सोललं, आतली पूड तेवढी घेतली."

"आत काय हाय ते कुठं ठाऊक हाय, मामा?"

अण्णानं पहिली कातर लावली. खाली बसताना मला म्हणाला, "बघ, गुडघा वाकायलाय." दुपारी त्याचे तळहात खाजू लागले, मग जीभ सुजली. आम्ही त्याला गाडीत घालून कलबुर्गीच्या दवाखान्याकडं निघालो. मनीषानं सकाळीच विचारून ठेवलं होतं, वाटेत कंपनीचा फोन आला. मनीषानं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, कवच झाडपाल्याचं होतं. पूड गाईबैलांच्या मऊ हाडांची होती.

अण्णाला ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. श्वासाची घरघर चालू होती.

सिद्धाप्पाअण्णा कडगंचीच्या पुढं, गाडीतच, २० फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी वारला.