यादीत नसलेलं झाड

विषय: वृक्षगणनेच्या यादीत नोंद होण्याबाबत.
संदर्भ: वनरक्षक बाईंचा अर्ज.

वरील विषयास अनुसरून, मी जंगलातला एक बेहडा बोलतोय. झाडाला ही भाषा कुठून आली, असं विचाराल, तर सरकारी माणसं डबा खायला माझ्याच सावलीत बसतात.

मला कुणी लावलं नाही. वटवाघळानं फळ चघळलं, नको ते खाली टाकलं, तो मी. पाऊस थांबल्यावरही माझ्याखाली तासभर थेंब पडत राहतात. नवी पालवी येते ती तांब्याच्या रंगाची. हे बघायला लांबून लोक येतात आणि माझ्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात.

माझ्या ढोलीत धनेशाचं बिऱ्हाड आहे. मादी आत शिरली की दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. पिल्लू मोठं होईपर्यंत ती आतच. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो.

रस्ता मंजूर झाला, तेव्हा दोघे झाडं मोजायला आले. छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, खोडावर नंबर रंगवायचा, यादीत लिहायचं. माझ्याभोवती फीत पुरेना.

"हा गडी आवरत नाही हो."

"राहू दे. उद्या मोठी फीत आणू."

"नंबर टाकून ठेवू?"

"घेराशिवाय नंबर? माझी नोकरी घालवतोस काय!"

दुसरा दिवस उजाडला, फीत काही उजाडली नाही. अशा रीतीने जंगलातलं सर्वांत मोठं झाड मोजणीतून सुटलं.

घरटं असलेलं झाड तोडू नये, रस्ता वळवावा, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. तो यादीतल्या झाडांना लागू आहे.

बाईंनी दोरी गुंडाळून माझा घेर काढला आणि अर्ज केला. पाहणीला हेडक्लार्क आले, मला टेकून बसले.

"बाई, मंजूर यादीत हे झाड नाही."

"यादीत नसेल. तुम्ही टेकलाय कशाला मग?"

ते जरा सरकून बसले. "मी टेकलोय हे ऑफिसला कुठं माहीत आहे?"

"साहेब, आत मादी कोंडलेली आहे. पिल्लू आहे. अजून महिना तरी लागेल."

"मग अर्जाला नंबरासकट फोटो जोडा."

"यादीत आल्याशिवाय नंबर मिळत नाही."

"तेच तर म्हणतोय. अडचण आहे खरी," असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

काल माझ्या दोन्ही बाजूंची नंबरवाली झाडं पडली. माझ्यापाशी मजूर थबकले. ठेकेदार म्हणाला, "नंबर नाही ना? मग हे झाडच नाही. याला परवानगी कसली? उद्या सकाळी घ्या."

सकाळ झाली आहे. जंगल वाचवा, असं तुम्ही भिंतींवर फार सुंदर अक्षरात लिहिता. तेवढ्या वेळात एखादं झाड मोजून होतं, एवढीच विनंती.

करवत सुरू करून पाहताहेत. बाई बुंध्याशी पाठ लावून उभ्या आहेत, हलत नाहीत. नर फळ घेऊन आला होता, आवाजाला बिचकून दोनदा परत फिरला. आतून चोच बाहेर आली आहे.

अर्ज कार्यालयास मिळाला आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.