परतताना उचलू

मी डोंगरावरची पायवाट बोलतेय. बसा त्या दगडावर, नाहीतरी दम लागलाच असेल. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा बोलणं जरा तिखट लागलं तर गोड मानून घ्या.

तशी मी जन्माची गरीब. आधी शेळ्यांनी मला पाडलं, तीही वेडीवाकडी, पाला दिसेल तिकडे वळणारी. मग वरच्या पाण्याच्या टाकीकडे जायला धड वाट हवी म्हणून एका गवंड्याला कामाला लावलं. त्याने मला माणसांत आणलं. चढावर दगडी पायऱ्या बसवल्या, त्याही बुटक्या, कारण त्याच्या मागे एक पिल्लू यायचं आणि त्याला उंच पायरी चढवत नसे. मुकादम म्हणाला, "अरे, वाट माणसांसाठी आहे की कुत्र्यासाठी?" गवंडी म्हणाला, "कुत्रं चढलं की म्हातारं माणूसही चढतं."

दर वीस पावलांवर त्याने आडवी चर काढली, पावसाचं पाणी बाजूला जावं म्हणून. त्यामुळे पावसाळ्यातही माझ्यावर पाय रुतत नाही. उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त चढण झाडांखाली, पंजे भाजत नाहीत. थंडीत सकाळचं कोवळं ऊन आधी माझ्यावर येतं. बाराही महिने कुत्र्याला घेऊन यावं अशी दुसरी वाट आसपास दाखवा मला. ही फुशारकी नाही, आहे ते सांगतेय.

काम संपलं, गवंड्याने थापीही खाली ठेवली, पण येणं काही सुटलं नाही. रोज सकाळी तो आणि ढब्बू. ढब्बू म्हणजे तेच पिल्लू, आता चांगलं गोलमटोल झालेलं. गवंड्याच्या हातात झाकणाचा एक जुना डबा असायचा. ढब्बूने वाटेत काही केलं की ते डब्यात, वर झाकण, आणि डबा घरी. जाता जाता चरींत अडकलेली पानं काठीने काढायची. ढब्बू प्रत्येक चरीपाशी थांबून आत डोकावायचा, जसा काही तोच मुकादम. बारा वर्षं आमचं असं सुखाने चाललं होतं.

मग कुणीतरी फोनवर माझं कौतुक लिहिलं. कुत्र्यांबरोबर वर्षभर फिरायला सगळ्यांत लाडकी वाट, वगैरे वगैरे. झालं, वरातच आली. काळी, तांबडी, झिपरी, एक तर स्वेटर घातलेलं. कुत्र्यांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती दोरीच्या दुसऱ्या टोकाची.

ही माणसं वाईट असती तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण तसंही नाही. खिशातून पिशवी काढतात, नाक मुरडत का होईना उचलतात, गाठ मारतात. इथवर शाबास. पण ती पिशवी वरपर्यंत वाहणार कोण? म्हणून माझ्या कडेच्या झुडपाला टांगतात आणि म्हणतात, "परतताना उचलू." अगदी मनापासून म्हणतात. वर टाकीपाशी मात्र पलीकडून गाडीरस्ता येतो आणि तिथे कॉफीची टपरी आहे. कॉफी पोटात गेली की सगळ्यांना तो सपाट रस्ताच आवडतो. माझ्यावरून परत येतो कोण?

पिशव्या लटकत राहतात. उन्हात फुगतात, वाऱ्याला फाटतात. करणारं कुणी, आणि वासाने बदनाम मी.

गवंड्याने आधी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग तो स्वतःच उचलायला लागला. त्याची लेक, दवाखान्यात नर्स आहे ती, त्याच्यावर करवादायची, "बाबा, लोकांच्या कुत्र्यांची घाण तुम्ही का वाहताय?"

"वाट माझ्या हातची आहे, बाई."

आणि मग त्याला नको ती अक्कल सुचली. एका रविवारी त्याने सगळ्या पिशव्या गोळा केल्या आणि खालच्या फाटकाला ओळीने बांधल्या. एकसष्ट भरल्या. ज्याची त्याला लाज वाटेल, जो तो आपापली घेऊन जाईल, एवढाच भाबडा विचार. नेमका त्याच दुपारी वनखात्याचा साहेब फाटकाशी गाडीतून उतरला. रुमाल नाकाला गेला आणि आठवड्याच्या आत पाटी लागली: कुत्र्यांना सक्त मनाई.

करायला गेला एक आणि झालं भलतंच. बरं, ती पाटी पाळली कुणी? एकट्या गवंड्याने. बाकीचे कुत्री घेऊन गाडीरस्त्याने वर येतात, वरूनच माझ्यावर फेरी मारतात. तिकडे पाटी नाही ना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि मला हे बघत पडून राहावं लागतं.

लेक म्हणाली, "आपणही वरून जाऊ, बाबा. कोण विचारतंय?"

"पिशव्या मी बांधल्या, पाटी माझ्यामुळे लागली. आता चोरासारखा वरून जाऊ?"

ढब्बू आता तेरा वर्षांचा आहे, मागचे पाय थरथरतात. त्याला पाटी काय कळणार? फाटकाच्या फटीत नाक घालून बसून राहिला. शेवटी लेकीने उचलून नेला. मला फार वाईट वाटलं.

लेक मात्र बापासारखीच चिवट. ती वनरक्षक बाईंकडे गेली आणि हटूनच बसली. बाई म्हणाल्या, "साहेबांना विचारलंय. मी रोज सकाळी फेरी मारते. सलग तीस सकाळी एकही पिशवी दिसली नाही, तर पाटी काढू. दिसली, तर विषय कायमचा संपला. वाट स्वच्छ कशी ठेवायची ते तुम्ही बघा."

गवंड्याचा गुडघा सुजलाय, त्याला चढवत नाही. म्हणून लेक रोज कामावरून सुटली की येते आणि दिसेल ते उचलते. एकोणतीस सकाळी पार पडल्या. उद्या तिसावी. मघाशी ती शेवटची फेरी मारून खाली गेली, जाताना पहिल्यांदाच गुणगुणत होती. घरी जाऊन ढब्बूचा पट्टा शोधून ठेवणार होती.

ती दिसेनाशी झाली आणि वरून एक गृहस्थ आले, सोबत तपकिरी कुत्रा. भला माणूस. कुत्र्याला पाणी पाजलं, घाण उचलली, दोनदा गाठ मारली, पिशवी झुडपाला टांगली आणि आल्या वाटेने वर निघून गेले. मी पायऱ्या, दगड, धूळ, सगळ्यानिशी ओरडले असेन. त्यांना काय ऐकू येणार, कपाळ माझं.

तुम्हाला ऐकू येतंय, म्हणून सांगतेय. तुम्ही खालीच निघालाय ना? तिसऱ्या वळणावर डाव्या हाताला काटेरी झुडूप आहे, त्याला ती हिरवी पिशवी लटकतेय. तुमची नाही, ठाऊक आहे मला. घाण आहे, हेही ठाऊक आहे. पण सकाळी बाई येतील, आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे वाट बघायला फार दिवस उरलेले नाहीत. मला वाकता येत नाही हो. तुम्ही घेऊन जा.