बेसमेंटमधली अर्धी रिकामी टाकी

मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते मित्रांनो, लपवाछपवी नको. शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत एक विटांचं घर आहे. त्याच्या बेसमेंटच्या छताला आडवी टांगलेली पोलादी टाकी, ती मी. आज माझा जीव थाऱ्यावर नाही. खाली कुश नावाचा हीटिंगवाला करवत घेऊन उभा आहे. मला कापायचं की ठेवायचं, ते अजून ठरत नाहीये.

माझं काम ऐका. बॉयलर पाणी तापवतो, ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. तापलं की पाणी फुगतं. फुगलेलं पाणी जाणार कुठे? माझ्याकडे येतं. म्हणून मी अर्धी पाण्याने, अर्धी हवेने भरलेली असते. हवा दबते आणि पाण्याला जागा देते. पाणी निवलं की त्याला परत ढकलते. किती हिवाळे असे काढले! एका म्हाताऱ्या प्लंबरने माझी पाठ थोपटली होती, बाकी कोणी वर बघितलंही नाही.

मग प्रतापकाका आणि मृणालिनीकाकूंनी हे घर घेतलं. काका नागपूरचे, पूल बांधणारे इंजिनिअर. काकू छातीच्या डॉक्टर. दोघंही आता रिटायर्ड, माणसं लाख चांगली. पण काकांचं लहानपण नागपूरच्या उन्हाळ्यात गेलेलं. नळ आला की घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवायची! थंडीच्या आधी त्यांनी मला सहज वाजवलं आणि दचकलेच. "अगं, टाकी अर्धी रिकामी आहे!" लगेच स्टुलावर चढून त्यांनी माझ्यावरचा हवेचा कॉक उघडला. फुस्स करून माझी सगळी हवा गेली आणि मी काठोकाठ भरले. काका खूश. मी मात्र गुदमरले.

बॉयलर तापला, पाणी फुगलं, त्याला जागाच मिळेना. दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी गळायला लागलं. सगळा दोष बॉयलरवर! बिचाऱ्याला काढलं. आज कुशने नवा बसवला, तर तोही गळायला लागला. आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

"काका, नवीन छोटी टँक लावू. आत रबरचा पडदा असतो, हवा वेगळी राहते. ही जुनी कट करतो."

"कर बाबा. गंजली असणार."

अहो काका, गंज कुठला! ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे?

तेवढ्यात काकू स्वेटर सावरत खाली आल्या. "थांब रे जरा." स्टुलावर चढून त्यांनी डावा पंजा माझ्या अंगावर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने टकटक केलं, पेशंटची छाती तपासायच्या ना, तसं. वर, मध्ये, खाली.

"अहो, सगळीकडे बद्द आवाज येतोय. आत हवाच नाही."

"नसणारच. मीच फुल भरलीये."

"फुल? फुप्फुसात पाणी भरलं तर माणूस श्वास कसा घेईल? फुगलेलं पाणी जाईल कुठे?"

काका हळूच म्हणाले, "रिकामी टाकी बघवत नाही गं मला."

कुशने कपाळावर हात मारला. "काका, सांगायचं तरी! ड्रेन करून बघू."

त्याने बॉयलरकडचा व्हॉल्व्ह बंद करून माझ्यातलं पाणी काढलं. हवा आत आली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग हवं तेवढंच पाणी आत घेतलं आणि बॉयलर तापवला. तिघंही व्हॉल्व्हकडे टक लावून उभे. काकूंनी खाली कागदी नॅपकिन धरला. बराच वेळ धरला. कोरडा!

"राहू दे हिला," काकू म्हणाल्या. कुशने करवत पेटीत ठेवली आणि दोघं चहाला वर गेले.

काका मात्र मागे राहिले. त्यांनी मला वाजवलं. पोकळ आवाज आला, तसा त्यांचा चेहरा कसनुसा झाला आणि हात हळूहळू कॉककडे गेला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी टांगलेली असेल, तर तिला कापण्याआधी तिचं काम समजून घ्या. आणि माया म्हणूनसुद्धा तिची रिकामी जागा भरू नका. काका, तुम्हीपण ऐका ना!

हात कॉकवर थांबला. "असू दे अर्धी," काका स्वतःशीच म्हणाले, आणि दोन्ही हात खिशात कोंबून जिना चढायला लागले.