गादीखालचं दुपटं

अंबूताईंना अख्ख्या धारवाडात शहाणं माणूस एकच ठाऊक होतं, आणि ते त्यांना रोज सकाळी आरशात भेटायचं. बाकी सगळे बावळट. मुलगा साकेत, त्याला स्वतःचं मत म्हणून नाही. दीर प्रभंजन वकील खरे, पण कोर्टात गप्प आणि चहाच्या दुकानात वाघ. आणि सून दीपश्री तर काय, अळणावरकडची, शेताच्या बांधावरून थेट स्वयंपाकघरात आलेली. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत जन्मभर पोरांचे कान उपटलेल्या बाई त्या, निवृत्त झाल्यावर घरातल्यांचे उपटत होत्या.

दीपश्रीला आठवा महिना लागला होता. मागच्या खेपेला तिचं मूल सातव्यातच गेलं. ह्या खेपेला तिनं हौसेनं हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरून लोकरीचं एक टोपडं आणलं, तर अंबूताईंनी घर डोक्यावर घेतलं. मूल जन्मल्याशिवाय त्याचं काही आणायचं नाही, शिवायचं नाही, ही घराची रीत.

"मागच्या वेळी स्वेटर आणलास, मग काय झालं? परत देऊन ये जा!"

दीपश्री टोपडं पिशवीत घालून खाली मानेनं निघून गेली.

आणि ह्याच बाई दुपारी सून आडवी झाली की खोलीला कडी लावून नातवंडाचं दुपटं शिवत बसायच्या! तेही स्वतःच्या लग्नातल्या इरकलीचं. आता ह्याला काय म्हणावं? रीत दुसऱ्यांसाठी असते, एवढंच म्हणावं. बाहेर पाऊल वाजलं की दुपटं गादीखाली, आणि दोरा ओवलेली सुई डाव्या बाजूला पोलक्यात खोचून बाई मोकळ्या.

एका दुपारी फोन वाजला. घाईनं उठताना निरीत पाय अडकला आणि अंबूताई पलंगाच्या काठावर छातीवरच आपटल्या. डावीकडे खोल काहीतरी टोचलं. बघतात तर पोलक्यातून लाल दोऱ्याचं टोक लोंबतंय. त्यांनी ते ओढलं. दोरा हातात आला, सुई आली नाही.

कोणीही शहाणा माणूस इथे बोंब ठोकेल. पण सुईचं नाव काढलं की काय शिवत होतात, हे आलंच. आणि देव न करो, पोराला पुन्हा काही झालं तर बोट कुणाकडे जाणार? घाबरल्या होत्या बाई, चांगल्याच घाबरल्या होत्या. पण घाबरणं हे बावळटांचं काम. म्हणून त्यांनी त्या दुखण्याला गॅस म्हटलं.

मग सुरू झाला ओवा, हिंग, सोडा. आडवं झालं की कळ यायची, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. प्रभंजन म्हणाले वात आहे, साकेत म्हणाला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई मोरीत चक्कर येऊन बसल्या, तोंड पांढरंफटक. तेव्हा कुठे साकेतनं गाडी बोलावून त्यांना हुबळीला नेलं. दीपश्रीही पोट सांभाळत गाडीत चढली.

"तू कशाला? डॉक्टरला तू काय शिकवणार?" एवढ्या कळेतही तोंड चालूच.

डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी छाती तपासली, डावीकडचा लाल ठिपका पाहिला आणि विचारलं, "पडलात का? काही टोचलं का?"

"गॅस," अंबूताई म्हणाल्या.

"अम्मा, खरे हेळ्री. खरं सांगा."

अंबूताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा मागून दीपश्री म्हणाली, "डॉक्टर, सुई असेल. दुपटं शिवताना पोलक्याला लावतात त्या. तीन दिवस दुपट्याला एक टाका पडलेला नाही, आणि सुई घरात कुठेच नाही."

एक्स-रे काढले, समोरून आणि बाजूनं. हृदयाच्या सावलीत एक बारीक पांढरी रेघ दिसली. पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक ठोक्याला ती रेघ हलत होती. सोनोग्राफीत कळलं, की सुईचं टोक हृदयाच्या आत गेलंय आणि भोवती रक्त साठायला लागलंय. मग अंबूताईंनी दोरा ओढल्याचं सांगून टाकलं.

"दोऱ्याबरोबर सुई आली नाही, हे तुमचं नशीब," डॉक्टर म्हणाल्या. "स्वतः केलेलं भोक तीच बुजवून बसलीय. आता ऑपरेशन करूनच काढायची, आजच्या आज."

एवढ्यात प्रभंजन आले. तारिहाळच्या कुठल्याशा कारखान्यातून आणलेलं मोठं लोहचुंबक वर्तमानपत्रात गुंडाळून. "ह्यानं बाहेर ओढली, तर चिरफाड वाचेल," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना चुंबकासकट बाहेर काढलं.

"वकील का भंगारवाले हो तुम्ही?" स्ट्रेचरवरून अंबूताई ओरडल्या. निदान ह्या वेळी तरी त्यांचं बरोबर होतं.

सुई निघाली. चार दिवसांनी वॉर्डात अंबूताईंनी डोळे उघडले, तर उशाशी दीपश्री तेच दुपटं शिवत बसलेली.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"पहिल्या टाक्यापासून."

"मग बोलली का नाहीस? माझं तोंड बंद करायची बरी संधी होती."

दीपश्रीनं मान वर केली नाही. "आई, तुम्ही लपून शिवत होतात, म्हणजे हे मूल जगेल असं तुम्हांला मनातून वाटत होतं. घरात तसं वाटणारं दुसरं कोणीच नव्हतं. टोपड्याच्या त्या दिवसापासून मलाही तसं वाटेनासं झालं होतं. म्हटलं, शिवू देत."

अंबूताईंनी टाका मोठा पडतोय, असं म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

बाहेर चपला वाजल्या. प्रभंजनांचा आवाज आला. दीपश्रीनं झटकन दुपटं पदराखाली सारलं आणि सुई छातीकडे नेली.

"खाली ठेव!" छातीचे टाके ओढले जात असतानाही अंबूताई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "खाली ठेव ती सुई. काही लपवू नकोस. बघू देत सगळ्यांना. आणि ते टोपडं परत दिलं नसशील, तर तेही बाहेर काढ."